रेषीय बीजगणिताची सुरुवात निश्चयकाने नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीत एकसामयिक समीकरणे सोडवण्याच्या क्रेमरच्या पद्धतीतून विद्यार्थ्याची निश्चयकाशी, म्हणजे सहगुणकांच्या चौकोनी मांडणीतून काढलेल्या एका संख्येशी, ओळख होते आणि पदवीला रेषीय बीजगणित शिकू लागल्यावरही त्याचा बराच वेळ निश्चयक आणि मॅट्रिक्सचा (संख्यांच्या आयताकृती मांडणीचा) व्यस्त हाताने काढण्यातच जातो. दोन-तीन चलांपुरते हे ठीक आहे. परंतु 20 समीकरणे असतील तर निश्चयकाच्या पूर्ण विस्तारात 24 वर 17 शून्ये इतकी पदे येतात, तर एकेक चल काढून टाकणाऱ्या गाउसच्या पद्धतीने ती समीकरणे सुमारे तीन हजार गुणाकार-भागाकारांत सुटतात.

अर्थाच्या बाजूने तर हानी अधिक आहे. समजा, नाशिकमधील सीबीएस, शालिमार, द्वारका आणि मुंबई नाका हे चौक चार एकदिशा रस्त्यांनी कड्यासारखे जोडले आहेत आणि प्रत्येक चौकात बाहेरून किती वाहने येतात, बाहेर किती जातात, हे ठाऊक आहे. चौकात येणारी आणि तेथून निघणारी वाहने सारखीच, या नियमाने चार समीकरणे मिळतात. आतल्या चार रस्त्यांवरील वाहनसंख्या ही चार अज्ञाते. या समीकरणांच्या सहगुणकांच्या मॅट्रिक्सचा निश्चयक शून्य येतो. क्रेमरपुरते शिकलेला विद्यार्थी 'एकमेव उकल नाही' असे लिहून थांबतो, आणि नेमके तेथूनच पुढे शिकण्यासारखे बरेच काही असते. मॅट्रिक्सची रँक, म्हणजे स्वतंत्र समीकरणांची संख्या, 3 आहे, म्हणजे एक समीकरण उरलेल्या तिन्हींमधूनच निघते. म्हणून कोणत्याही एका रस्त्यावरची वाहने मोजली की बाकीच्या तिन्हींचे आकडे मिळतात. सिंहस्थातील गर्दी पाहिलेल्या नाशिकच्या विद्यार्थ्याला याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

अमेरिकेत 1990 मध्ये स्थापन झालेल्या रेषीय बीजगणित अभ्यासगटाने मॅट्रिक्सवर आधारलेला, इतर विद्याशाखांच्या गरजा ओळखणारा आणि संगणकाची जोड असलेला पहिला अभ्यासक्रम सुचवला होता. अशी आकडेमोड करणारी पायथन आणि सायलॅब ही संगणकीय साधने आज विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यामुळे साधनांची सबब उरत नाही. सिद्धता गाळाव्यात असे मी मुळीच म्हणत नाही, गणिताच्या विद्यार्थ्याला त्या हव्यातच. मात्र रँक, सदिश आणि रेषीय रूपांतर (मॅट्रिक्सने सदिशांत घडवलेला बदल) यांची समज आधी यावी आणि निश्चयक नंतर, त्या रूपांतराने क्षेत्रफळ किती पटींनी बदलते हे सांगणारी संख्या म्हणून, शिकवला जावा.

अडचण प्रश्नपत्रिकेची आहे. तीन बाय तीन मॅट्रिक्सचा व्यस्त काढण्याला हमखास गुण असतील, तोवर शिक्षकाला दुसरे काही शिकवायला तास मिळणार नाहीत. म्हणून विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने संगणकाने सोडवलेले उत्तर देऊन त्याचा अर्थ विचारणारा एक प्रश्न प्रत्येक परीक्षेत अनिवार्य करावा, ही विनंती.

आपला,
एक गणित शिक्षक, नाशिक