सिस्टर, हे तुम्हाला सांगायचंच होतं

सिस्टर, लेकीचा हेपेटायटिस सी चा, म्हणजे लिव्हरला होणाऱ्या त्या व्हायरसच्या लागणीचा, रिपोर्ट आला, अँटीबॉडी निगेटिव्ह. तिला लागण नाही. घरादाराला फोन करून झाले आणि मग लक्षात आलं की जिला सगळ्यात आधी कळायला हवं ती व्यक्ती राहिलीच.

तुम्हाला मी आठवणारही नाही कदाचित. गरोदरपणात हेपेटायटिस सी निघाला तेव्हापासून मी नुसती घाबरलेली होते, कारण विचारायला जावं तर "आता बाळालाही होणार" एवढंच ऐकायला मिळायचं. अहो, १०० आयांमागे साधारण ५-६ बाळांनाच लागण होते, हे एवढं एक वाक्य बोलायला काय लागतं? कुणी सिझरच करा म्हणायचं, पण नुसत्या हेपेटायटिस सी साठी सिझर करून बाळाचा धोका काही कमी होत नाही, हेही मला नंतर कळलं.

आणि ते कार्ड. बँडेजच्या पट्टीने पाळण्याला बांधलेलं, लाल पेनने मोठ्ठं 'एचसीव्ही पॉझिटिव्ह', म्हणजे हेपेटायटिस सी चा व्हायरस आहे असं. रिपोर्ट माझा आणि कार्ड तिच्या पाळण्याला! येणारा प्रत्येकजण आधी ते वाचायचा, मग बाळाकडे बघायचा, तेही लांबूनच.

तुम्ही नाईटला आलात, कार्ड वाचलं, काही बोलला नाहीत. गाठ घट्ट होती, नखाने सोडवत बसलात, कार्डाची घडी करून खिशात टाकलीत आणि सरळ माझ्या कॉटवर बसून म्हणालात, "अगं भूक लागलीय तिला, घे ना जवळ." दिवसभर मला वरचंच दूध द्या म्हणून बजावलं होतं. तुम्ही सांगितलंत की दुधातून हा व्हायरस जात नाही, फक्त निप्पलला चीर पडून रक्त येत असेल तर बरं होईपर्यंत त्या बाजूचं पाजायचं नाही, पिळून टाकून द्यायचं. मग तुम्हीच तिला नीट धरून छातीशी लावलंत. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की मी हिची आई आहे, हिला असलेला धोका नाही.

पुढे काही महिन्यांनी एकांनी घाईने तिची अँटीबॉडी टेस्ट केली, पॉझिटिव्ह आली आणि झालीच म्हणे लागण. घरात रडारड. मी मात्र उभी राहू शकले कारण तुमचं बोलणं डोक्यात पक्कं होतं, आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्याआधी बघायचंच असेल तर २ महिन्यांनंतर आरएनए टेस्ट करतात, म्हणजे रक्तात खुद्द व्हायरस आहे का ते बघतात. मी हट्टाने ती करून घेतली, व्हायरस नव्हता. आणि असता तरी काही मुलांचा आपोआप जातो, नाही गेला तर ३ वर्षांनंतर गोळ्या आहेत, हेही तुम्हीच सांगून ठेवलं होतं.

डिग्र्या खूप जणांकडे असतात हो, पण घाबरलेल्या माणसाच्या शेजारी टेकून दोन शब्द बोलावेत हे किती जणांना सुचतं? आणि तुम्ही ते अगदी सहज केलंत, उपकार केल्यासारखं नाही. अशी माणसं वॉर्डात असतात म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं.

तिचं अंगावरचं दूध सुटल्यावर मी माझी ट्रीटमेंट सुरू केली, १२ आठवड्यांचा कोर्स आहे, ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे होतात म्हणे. गोळ्या रोज वेळेवर घेतेय. मनापासून थँक्यू सिस्टर.