चेर्नोबिलच्या मुलांचा पाहुणचार: ‘शुद्धीकरण’ नव्हे, चार आठवड्यांची सुटी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चेर्नोबिल दुर्घटनेची झळ बसलेल्या बेलारूसमधील मुलांना ब्रिटन-आयर्लंडमधील कुटुंबे महिनाभर घरी ठेवून घेतात, या उपक्रमावरील लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. आम्ही काही जण ब्रिटनमध्ये राहून याच कामात आहोत. लेखाचा सूर आपुलकीचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘महिनाभराच्या मुक्कामात शरीरातला किरणोत्सर्ग धुऊन निघतो’ या वाक्याबद्दल. ते लेखकाच्या मनचे नाही. अशा संस्थांच्या पत्रकांतच ते वर्षानुवर्षे छापले गेले आहे. काही पत्रके तर ‘एका मुक्कामाने आयुष्य दोन वर्षांनी वाढते’ असेही सांगतात. त्यामागचा हिशेब मात्र कोणी मांडून दाखवत नाही. जो मांडता येतो, तो असा.

२६ एप्रिल १९८६ च्या रात्री दीडच्या सुमारास चौथी अणुभट्टी फुटली ती युक्रेनमध्ये, पण किरणोत्सारी धुळीचा फार मोठा वाटा सीमेपलीकडे बेलारूसच्या गोमेल आणि मोगिलेव्ह या प्रांतांवर पडला. पहिल्या आठवड्यांत घात केला तो आयोडीन-१३१ ने. गवतातून गायीत, दुधातून मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत, असा त्याचा प्रवास. २००५ पर्यंत, स्फोटाच्या वेळी १८ वर्षांखालील असलेल्यांमध्ये थायरॉइड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. पण या आयोडीनचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे उरायला लागणारा काळ, ८ दिवसांचे; तीन महिन्यांत ते जवळपास संपले. आज पाहुणे म्हणून येणारे दहा वर्षांचे मूल त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेले असते. त्याच्या वाट्याला येते ते सीझियम-१३७. याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे, म्हणजे १९८६ मध्ये पडले त्यातले निम्म्याहूनही कमी आज उरले आहे, आणि मुलांच्या शरीरात ते बव्हंशी अन्नावाटेच जाते.

शरीर सीझियम साठवून ठेवत नाही, लघवीवाटे बाहेर टाकत राहते. प्रौढात निम्मे बाहेर पडायला शंभरेक दिवस लागतात, दहा वर्षांच्या मुलात सुमारे ५० दिवस. समजा, एखाद्या मुलाच्या जेवणातून रोज २० बेकरेल (किरणोत्सारी पदार्थ मोजण्याचे एकक) सीझियम जाते. येणारे आणि बाहेर पडणारे यांचा मेळ बसल्यावर त्याच्या शरीरात सुमारे १,४०० बेकरेल राहील. २८ दिवस पूर्ण स्वच्छ अन्न मिळाले, तर ते ९५० च्या आसपास येईल. एक तृतीयांश घट! पत्रकात छापायला आकडा देखणा आहे. पण मूल घरी परतले आणि ताटात तेच वाढले गेले, की आकडा त्याच गतीने पुन्हा चढतो. पाचेक महिन्यांनी फरक पन्नास-साठ बेकरेलचा उरतो. त्यात मुक्काम बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये असतो आणि मूल घरी पोहोचते ते नेमके जंगलातील अळंब्यांच्या हंगामात.

आणखी एक हिशेब संस्था कधीच करत नाहीत. रोज २० प्रमाणे २८ दिवसांत टळले ५६० बेकरेल. दहा वर्षांच्या मुलासाठी हा डोस होतो साधारण ६ मायक्रोसिव्हर्ट (शरीरावर होणारा किरणोत्सर्गाचा परिणाम मोजण्याचे एकक). बेलारूसची राजधानी मिन्स्क ते लंडन विमानाने जाऊन-येऊन वैश्विक किरणांचा जो डोस मिळतो तो १० ते २० च्या घरात. म्हणजे किरणोत्सर्गापुरते बोलायचे तर प्रवासानेच वाचवल्यापेक्षा अधिक पदरात टाकले! घाबरण्यासारखे दोन्हींत काही नाही; जगात सरासरी माणसाला निसर्गातून वर्षाला सुमारे २,४०० मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. ज्या घरात रानातली अळंबी आणि शिकारीचे मांस नेहमीचे आहे, तिथे रोजचा आकडा दहापट असू शकतो आणि मग मुक्कामाचा हिशेब वेगळा लागतो. म्हणून सरसकट सगळ्या मुलांबद्दल एकच दावा करणे चूक.

मुळात प्रश्न ताटातला आहे. बेलारूसमध्ये अन्नाच्या मर्यादा कडक आहेत: दुधात लिटरमागे १०० बेकरेल, ताज्या अळंब्यांत किलोमागे ३७०, रानबेरींत १८५, लहान मुलांच्या अन्नात ३७. दुकानातला माल तपासून येतो. निसटते ते घरच्या एका गायीचे दूध, रानातून टोपलीभर आणलेली अळंबी आणि बेरी. दक्षिण बेलारूसमधल्या पोलेसियाच्या दलदलीची माती पीट प्रकारची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची. तिच्यात सीझियमला धरून ठेवणारी चिकणमाती नसल्यासारखीच, म्हणून ते सहज गवतात चढते. गायीला प्रशियन ब्ल्यूची गोळी दिली, की तिच्या आतड्यातच सीझियम बांधले जाते आणि दुधातले प्रमाण बरेच उतरते. चराऊ कुरण बदलणे, पोटॅश खत टाकणे, अळंबी मिठाच्या पाण्यात उकळून ते पाणी फेकणे, हे उपायही जुने आणि सिद्ध आहेत. एका मुलाच्या विमानभाड्यात यांपैकी किती होते, हा प्रश्न देणगीदाराने विचारायलाच हवा.

मग मुले आणायचीच नाहीत का? आणावीत, पण खऱ्या कारणांसाठी. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २००५ मध्ये मांडलेल्या अहवालात दुर्घटनेचा सार्वजनिक आरोग्यावरील सर्वांत मोठा परिणाम म्हणून मानसिक आरोग्याचे नाव घेतले होते. ‘आपण बाधित आहोत, आपले काही खरे नाही’ ही समजूत पिढीजात झाली. ‘तुझे शरीर आम्ही शुद्ध करतो’ असे सांगून आणलेल्या मुलाच्या मनात आपण तीच समजूत आणखी घट्ट करतो. त्याऐवजी गरीब घरातल्या मुलाला चार आठवड्यांची निवांत सुटी, दात-डोळ्यांची तपासणी, पोटभर विविध अन्न आणि जगाचा एक वेगळा कोपरा, एवढे म्हटले तरी काम मोठे आहे. मात्र ते नीट करायचे तर चिकाटी लागते, आणि घोडे इथेच पेंड खाते.

तयारी सात-आठ महिने आधी सुरू करावी. मुलांची निवड गावच्या शाळेमार्फत होते. तिथे गरजू मूल मागे पडून ओळखीपाळखीचे पुढे येते, म्हणून निकष लेखी हवेत आणि गेल्या वर्षीच्या यादीशी ताडून पाहावेत. वय साधारण सात ते बारा. त्याहून लहान मूल घराची आठवण काढून झुरते, मोठे कंटाळते. एका घरी दोन मुले ठेवावीत, शक्यतो एकाच वर्गातली. एकट्या मुलाला दिवसभर स्वतःच्या भाषेत बोलायला कोणी नसते, आणि संध्याकाळी ते जड जाते. दहा-बारा मुलांमागे एक दुभाषी शिक्षिका सोबत असावी, आणि तिला वेगळे घर द्यावे. यजमानांकडे राहिली तर त्या घरची मुले सुखात आणि बाकीची वाऱ्यावर.

कागदपत्रांत सर्वांत जास्त अडते ते नावांवर. घरी मुलाला रशियन उच्चाराने ‘द्मित्री’ म्हणतात, शाळेच्या यादीत तेच असते, पण बेलारूसच्या पासपोर्टवर नाव बेलारूसी उच्चारावरून रोमन लिपीत उतरते आणि होते ‘द्झ्मित्री’. ‘सेर्गेई’चा ‘सिआर्हेई’ होतो. शाळेच्या यादीवरून तिकिटे काढली, की विमानतळावर गोंधळ ठरलेला. तिकीट, व्हिसा आणि विमा, तिन्हींवरचे नाव पासपोर्ट समोर ठेवूनच लिहावे. पालकांचे नोटरीपुढचे संमतीपत्र लागते. वडील रशियात मजुरीला गेले असतील तर ते मिळवण्यातच महिने जातात. उपचारांसाठीची संमती वेगळी आणि इंग्रजी भाषांतरासह घ्यावी. औषधे मूळ रासायनिक नावाने लिहून मागवावीत, कारण तिकडची व्यापारी नावे इथल्या डॉक्टरांना उलगडत नाहीत.

मुक्काम नेमका चार आठवड्यांच्या आतच का असतो, हे लेखात नव्हते. इंग्लंडमध्ये नातेवाईक नसलेल्या घरी १६ वर्षांखालील मूल २८ दिवस किंवा त्याहून अधिक राहणार असेल, तर १९८९ च्या बालक कायद्याप्रमाणे ते ‘खासगी संगोपन’ ठरू शकते आणि स्थानिक प्रशासनाला सहा आठवडे आधी कळवावे लागते. त्यामुळे बहुतेक गट २६-२७ दिवसांवर थांबतात. यजमान घरातील प्रौढांची डीबीएस, म्हणजे पार्श्वभूमी पडताळणी करून घ्यावी. अधूनमधून राहायला येणारा थोरला मुलगा इथे हमखास सुटतो. कागदी पडताळणीवर विसंबू नये. घरी दोनदा जाऊन पाहावे, त्यातले एकदा न कळवता. स्वतंत्र पलंग, धुराचा अलार्म, अंगणातले तळे, कुत्र्याचा स्वभाव, सगळे पाहून घ्यावे.

मूल घरी आल्यावर चुका होतात त्या प्रेमापोटीच. पहिल्या दोन दिवसांत फळे, आइस्क्रीम, चीज यांचा मारा होतो आणि तिसऱ्या दिवशी पोट बिघडते. आठवडाभर सूप, बटाटे, पाव, उकडलेली अंडी असे ओळखीचे अन्न द्यावे, नवे एकेक करून. बेलारूसला समुद्रकिनारा नाही. मूल ‘पोहता येते’ म्हणाले तरी ते नदीकाठच्या उथळ पाण्यातले पोहणे असते. पोहता येत नाही असेच धरून चालावे. पहिल्याच उन्हाच्या दिवशी पाठ भाजते. पहिल्या आठवड्यात अंथरूण ओले होणे सर्रास घडते. गादीवर आधीच रबरी चादर घालून ठेवावी, सकाळी काही न बोलता बदलावी आणि दुसऱ्या पाहुण्या मुलासमोर विषय काढू नये. घरी फोन आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी आणि दुपारी. झोपण्यापूर्वीच्या फोनने रडणे वाढते.

दाताच्या डॉक्टरांकडे पहिल्याच आठवड्यात न्यावे. तिसऱ्या आठवड्यात नेले तर एक दात भरून होतो आणि बाकीचे तसेच परत जातात. भरणे, साफ करणे, काढणे इथवर ठीक. ज्याला चार-पाच खेपा लागतात ते सुरू करू नये. दातांना तार तर मुळीच नाही, ती घट्ट करायला गावी कोण आहे? चष्मा दोन जोड द्यावेत आणि नंबराचा कागद सोबत.

‘आलेच आहे तर थायरॉइडची सोनोग्राफी करून घेऊ’ हा मोह मात्र टाळावा. जपानमधील फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर सुमारे तीन लाख मुलांची अशी तपासणी झाली तेव्हा एरवी कधी त्रास न देणाऱ्या गाठीही सापडत गेल्या आणि शस्त्रक्रिया वाढल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये, अणुदुर्घटनेनंतर अशी सरसकट तपासणी करू नये, असाच सल्ला दिला. लक्षण असेल तर गोष्ट निराळी.

परतीच्या बॅगेबद्दल. २० किलोच्या मर्यादेत हिवाळी बूट एक माप मोठे, जाकीट, शालेय साहित्य आणि धाकट्या भावंडांसाठी काहीतरी एवढे बसते. एका मुलाला टॅब आणि दुसऱ्याला मोजे, असे झाले की विमानतळावरच गटात भांडणे लागतात. म्हणून भेटींची मर्यादा संस्थेने आधीच ठरवावी. रोख रक्कम देऊ नये. आणि ‘पुढच्या वर्षी नक्की ये’ हे वाक्य उच्चारू नये. ‘आमच्याकडेच राहा’ हे तर त्याहून नाही. २००६ मध्ये इटलीत जेनोआजवळच्या एका जोडप्याने, अनाथालयात छळ होतो अशी तक्रार करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला परत न पाठवता जवळपास तीन आठवडे लपवून ठेवले. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात आलेल्या एका मुलीने परतायला नकार दिला. त्यानंतर बेलारूस सरकारने मुलांच्या परदेशवाऱ्याच रोखल्या. परतीची लेखी हमी देणारे करार एकेका देशाशी होईपर्यंत हजारो मुलांचे पाय घरीच अडकले. पहिल्या प्रकरणातील जोडप्याचा हेतू वाईट नव्हता. पण अशी शंका आली तर ती पोलीस आणि बालकल्याण यंत्रणेकडे न्यायची असते, घरातल्या माळ्यावर नाही.

आता तर वाटच बिकट झाली आहे. २०२० च्या साथीने एक-दोन उन्हाळे गेले. मे २०२१ मध्ये बेलारूसने एक प्रवासी विमान मिन्स्कला उतरवायला लावल्यावर युरोपीय संघ आणि ब्रिटनशी थेट विमानसेवा तुटली, आणि २०२२ च्या युक्रेन युद्धाने उरलेसुरलेही बहुतांशी थांबवले. काही संस्था बंद पडल्या, काही युक्रेनच्या मुलांकडे वळल्या. त्या मुलांची गरज वेगळी आहे आणि जुने पत्रक त्यांना चिकटवणे गैर आहे. एडी रोश यांनी १९९१ मध्ये आयर्लंडमध्ये सुरू केलेल्या संस्थेने पाहुणचाराबरोबरच परदेशी हृदयशल्यचिकित्सक युक्रेनमध्ये नेऊन तिथल्याच रुग्णालयांत मुलांवर शस्त्रक्रिया आणि स्थानिक डॉक्टरांचे शिक्षण असा दुसरा मार्ग धरला. क्युबाने १९९० ते २०११ या काळात हवानाजवळ तरारा इथे वीस हजारांहून अधिक मुलांवर उपचार केले, ते कुटुंबांत नव्हे तर डॉक्टर आणि शिक्षक असलेल्या वसाहतीत. आजारी मुलासाठी हे मार्ग महिनाभराच्या पाहुणचारापेक्षा उजवे.

आपल्या लेखाच्या शेवटी देणगीचे आवाहन होते. ज्या वाचकांना द्यायची असेल त्यांनी संस्थेला आधी तीन गोष्टी विचाराव्यात. मुलाच्या शरीरातील सीझियम येताना, जाताना आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजता का? यजमानाबद्दल तक्रार करायची झाली तर मूल ती कोणाकडे, कोणत्या भाषेत करते? आणि शंभर रुपयांतले किती विमानावर जातात, किती मुलाच्या गावी? तिसऱ्या मोजणीचा आकडा देणारी संस्था क्वचितच सापडेल. सापडली तर पैसे तिलाच द्यावेत.

आपले,
चेर्नोबिलग्रस्त भागातील मुलांच्या पाहुणचाराचे काम करणारे काही मराठी स्वयंसेवक, ब्रिटन