यशोगाथेत दूध कुठे आहे?

संपादक महोदय,

व्यायाम करणाऱ्यांसाठी प्रोटीन पावडर ऑनलाइन विकणाऱ्या 'मायप्रोटीन' या ब्रिटिश कंपनीच्या वाढीवर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. ऑलिव्हर कुकसन या वेबसाइट बनवणाऱ्या तरुणाने २००४ मध्ये मँचेस्टरला बँकेच्या ५०० पौंडांच्या ओव्हरड्राफ्टवर धंदा सुरू केला, २०११ मध्ये तो 'द हट ग्रुप'ला विकला आणि २०२० मध्ये हा समूह लंडनच्या शेअर बाजारात उतरला, हे सगळं ठीकच. पण श्रेय कुणाला, तर जिद्दीला आणि वेबसाइटला. माझी हयात दुग्धशाळेच्या प्रयोगशाळेत गेली. मला त्या लेखात दूधच सापडेना.

चीज करताना दूध फाटलं की हिरवट-पिवळं पाणी सुटतं, तेच व्हे. दहा लिटर दुधातून चीज निघतं जेमतेम किलोभर, बाकी बहुतेक सगळं हे पाणी. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसीन चीजमध्ये जातं, उरलेलं या पाण्यातून वाहून जातं. कित्येक वर्षं चीजवाल्यांना ही डोकेदुखीच होती. डुकरांना पाजा, शेतात सोडा, नाहीतर नदीत. आणि नदीत सोडलं की पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरायचे. १९७० च्या दशकात अतिसूक्ष्म छिद्रांचे पडदे आले. पाणी, साखर आणि क्षार पडद्यापलीकडे जातात, प्रथिनं अलीकडे राहतात. मग फवारून वाळवायचं. ८० टक्के प्रथिनांची एक किलो पावडर करायला शंभर लिटरच्या वर व्हे लागतं. कुकसन बाजारात उतरले तेव्हा हा माल तयार होता. त्यांची हुशारी अशी की दुकानदाराचा वाटा त्यांनी मधून काढून टाकला आणि माल थेट गिऱ्हाइकाच्या दारात पोचवला. त्याबद्दल शाबासकी द्यायलाच हवी! पण कच्चा माल चीजवाल्याच्या हातात असतो, हे २०२२ मध्ये दिसलं. व्हेचे भाव कडाडले आणि समूहाच्या नफ्याला फटका बसला.

ऑनलाइन विक्रीत डबा हाताळता येत नाही, वास घेता येत नाही. गिऱ्हाईक पाहतं एकच आकडा: एका चमच्यात किती ग्रॅम प्रोटीन. हा आकडा येतो कुठून, हे मात्र कुणी सांगत नाही. आम्ही लांब मानेच्या चंबूत नमुना आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून तापवायचो. आधी सगळं काळंकुट्ट होतं, फेस मानेपर्यंत चढतो, बर्नर कमी करायला धावावं लागतं. मग तासा-दोन तासांत ते निवळून स्वच्छ, फिकट हिरवट होतं. मोजतो आपण त्यातला नायट्रोजन. प्रथिनात तो साधारण ठरावीक प्रमाणात असतो, म्हणून दुधासाठी त्याला ६.३८ ने गुणतो. प्रथिन कुणी थेट मोजलेलंच नसतं.

पळवाट इथेच आहे. ग्लायसिन हे स्वस्त, चवीला गोड अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतला एक. त्यात नायट्रोजन सुमारे १८.७ टक्के. गुणून पाहा: १०० ग्रॅम ग्लायसिन या हिशेबात ११९ ग्रॅम 'प्रोटीन' ठरतं! पावडरीत ते मिसळलं की आकडा फुगतो, स्नायूंना मात्र तेवढं मिळत नाही. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं औद्योगिक रसायन घातलं गेलं, तेही याच चाचणीला फसवायला. अमेरिकेत पावडरींच्या अशा भेसळीवरून खटलेही झाले आहेत. मायप्रोटीनवर माझा असा काही आरोप नाही, हे स्पष्ट करतो. पण ज्या धंद्याची सगळी वाढ एका आकड्यावर झाली, त्याच्या कौतुकात तो आकडा तपासायला नको?

व्यायाम करणाऱ्या मुलांना एक साधा ताळा सांगतो. व्हेच्या प्रथिनात ल्युसिन हे अमिनो आम्ल साधारण दहा टक्के असतं. डब्यावर एका चमच्यात २४ ग्रॅम प्रथिनं लिहिली असतील, तर ल्युसिन अडीच ग्रॅमच्या आसपास दिसलं पाहिजे. अमिनो आम्लांचा तक्ताच छापलेला नसेल, तर कंपनीला लिहून मागवावा. तक्ता दिला, पण त्यात ग्लायसिन भरमसाट दिसलं, तर तो डबा परत करावा. व्हेमध्ये ते मुळात फार थोडं असतं.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अशा कंपनीच्या मालकाची मुलाखत घ्याल तेव्हा पहिली गुंतवणूक किती, हे जरूर विचारा. पण व्हे कोणत्या चीज कारखान्यातून येतं आणि प्रत्येक घाण्याचा (बॅचचा) अमिनो आम्लांचा अहवाल वेबसाइटवर आहे का, हेही विचारा. अहवाल असेल तर तोही छापा.

आपला,
एक निवृत्त दुग्धतंत्रज्ञ