बर्नरचा डोळा बांधून ठेवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : आपल्या तंत्रज्ञाने आमच्या बॉयलरच्या बर्नरचा फोटोसेल (ज्योत आहे की नाही हे पाहणारा सेन्सर) निकामी केल्याबाबत, व त्या भेटीचे १४,८०० रुपयांचे बिल परत घेण्याबाबत.

महोदय,

आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर एका मालवाहू जहाजाचे चित्र आहे आणि खाली लिहिले आहे, ‘जहाजांच्या बॉयलरवरचे तंत्र, आता तुमच्या कारखान्यात’. त्या चित्राला मी भुललो, हे आधीच कबूल करतो. सव्वीस वर्षे मी जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली. पहिल्या जहाजावर बॉयलरच माझ्याकडे होता. आता भोसरीत पुतण्याच्या स्टीम लाँड्रीत लक्ष घालतो. रुग्णालयांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल, सगळे काम ताशी ६०० किलो वाफेच्या एका डिझेल बॉयलरवर चालते. त्यावरचा दोन नोझलचा, म्हणजे तेल फवारणाऱ्या दोन तोट्यांचा, दोन टप्प्यांत चालणारा बर्नर आपला, फेब्रुवारीत बसवलेला.

मे महिन्यापासून बर्नर मधेच लॉकआउट होऊ लागला. लाल दिवा लागायचा आणि सगळे बंद. फोन केला की आपल्या सेवा केंद्रातून एकच उत्तर : रीसेट दाबा. आमच्या बॉयलर चालवणाऱ्या माणसाने एकदा विचारले, किती वेळा दाबू? तर ‘लागेपर्यंत दाबा’. हे वाक्य मी जहाजावर कुणाच्या तोंडून ऐकले असते, तर त्याला पुन्हा बॉयलरजवळ उभे राहू दिले नसते. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात नोझलमधून थोडे तेल भट्टीत पडतेच. ते तिथे साचते, गरम भिंतींवर त्याची वाफ होते, आणि पुढच्या ठिणगीला सगळे एकदम पेटते. दरवाजासमोर जो उभा असेल त्याच्या तोंडावर ज्वाळा येते. म्हणून तर बर्नर पेटण्याआधी पंखा नुसताच फिरून भट्टीतली वाफ बाहेर काढतो. एकदा रीसेट केल्यावरही पेटला नाही तर थांबायचे, भट्टीच्या तळाला तेल आहे का ते पाहायचे, आणि मग कारण शोधायचे.

जुलैत, एका गुरुवारी, आपला तंत्रज्ञ आला. (गुरुवारी आमच्या भागात वीज जाते, हे पुण्यात कुणाला सांगावे लागत नाही. दुपारी ती आली आणि काम सुरू झाले.) त्याने दोन गोष्टी केल्या. दुसऱ्या टप्प्याचे ६० अंशांच्या फवाऱ्याचे नोझल काढून ८० अंशांचे, म्हणजे जास्त रुंद फवाऱ्याचे, बसवले, कारण गाडीत तेवढेच होते. आणि फोटोसेल त्याच्या जागेवरून उपसून, काळ्या टेपने पाइपला बांधून, त्याचे तोंड भिंतीवरच्या ट्यूबलाइटकडे करून ठेवले. पंखा फिरत असताना फोटोसेलला उजेड दिसला तर कंट्रोलर पुढे जात नाही. तेव्हा आमच्या माणसाला शिकवून गेला, ‘तोवर यावर अंगठा ठेवायचा, ज्योत लागली की काढायचा.’ सेवा अहवालात लिहिले, ‘सेन्सर समस्या दूर केली’.

जहाजावर याला आम्ही फ्लेम आय म्हणतो, म्हणजे ज्योतीकडे पाहणारा डोळा. त्याचे काम एवढेच की ज्योत दिसेनाशी झाली तर काही सेकंदांच्या आत तेलाचा व्हॉल्व्ह बंद झाला पाहिजे. आपल्या माणसाने त्याला ट्यूबलाइट दाखवली. आता भट्टीत काहीही झाले तरी कंट्रोलरच्या लेखी ज्योत तेवतच होती.

अकराव्या दिवशी सकाळी व्हायचे ते झाले. डिझेलच्या टाकीच्या तळाला पावसाळ्याचे पाणी साचले होते, ते लाइनमध्ये आले आणि ज्योत विझली. टाकीत पाणी होते ही चूक आमची, ती मी झाकत नाही. पण विझलेले कळले नाही, ही आपली. पाणी निघून गेले, पंप चालूच, नोझल फवारतच राहिले. मी ऑफिसात चहा घेत होतो. बाहेरून आवाज आला, ‘काका, धुराड्यातून पांढरा धूर येतोय.’ पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या तेलाची वाफ. कप तसाच ठेवून धावलो आणि तेलाचा हातव्हॉल्व्ह बंद केला. रीसेटला कुणालाही हात लावू दिला नाही. पंखा बराच वेळ चालू ठेवला. भट्टी निवल्यावर दरवाजा उघडला तर तळाला डिझेलचे थारोळे. हा बर्नर पूर्ण भारावर ताशी सुमारे ४५ लिटर डिझेल घेतो. अंदाजे दोन मिनिटे गेली असतील, म्हणजे दीड लिटर. आपण शिकवल्याप्रमाणे माणसाने ‘लागेपर्यंत’ बटण दाबले असते तर हे पत्र मी लिहीत नसतो, माझ्याऐवजी पुतण्याचा वकील लिहीत असता.

आता मूळ दुखण्याकडे येतो, कारण आपला इलाज म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा झाला आहे. फोटोसेल मी जागेवर घालताना त्याची काच पाहिली. काजळीने काळी. मऊ फडक्याने पुसली, आणि डोळा ठणठणीत निघाला. ज्योतच काजळी धरत होती. का? आपल्या चाचणी अहवालात १५ टक्के जादा हवा, म्हणजे तेल जळायला लागते त्याहून तेवढी जास्त हवा, लिहिली आहे. ती चाचणी समुद्रकाठच्या आपल्या कारखान्यात झाली. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, इथली हवा तिथल्यापेक्षा अंदाजे ६ टक्के विरळ. त्यात मे महिन्याची दुपार. ४० अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा आणखी ५ टक्के विरळ. पंखा तेवढाच वारा ढकलतो, पण त्यात प्राणवायू कमी. पंप मात्र तेल तेवढेच देतो. पंधरातले अकरा-बारा टक्के असे वाटेतच गळाले. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत कोणताही बर्नर धूर करणारच. फेब्रुवारीत बर्नर बसवायला आलेल्या माणसाने हवेच्या झडपेची कारखान्यातली खूण तशीच ठेवली. धुरातला ऑक्सिजन मोजायचे यंत्र त्याच्या पेटीत नव्हते. मी विचारले होते, तर म्हणाला, ‘सर, ज्योत पिवळी छान आहे.’

वर ते ८० अंशांचे नोझल. त्याच्या आत तिरक्या खाचा असतात. त्यांतून गरगरत आलेले तेल बारीक छिद्रातून शंकूच्या आकारात फवारले जाते. आमच्या बॉयलरची भट्टी म्हणजे लांब, अरुंद नळी. शंकू रुंद झाला की थेंब जळण्याआधीच भिंतीला लागतात आणि तिथे कोळसा धरतो. भट्टीच्या दोन्ही बाजूंना हाताच्या पंजाएवढे थर मी खरवडून काढले आहेत. ज्या धुरामुळे डोळा आंधळा झाला, तो धूरच आपण वाढवून गेलात.

माहितीपत्रकात जहाज आहे, म्हणून तिथली एक गोष्ट सांगतो. जहाजांचे जड तेल ५० अंशांना ३८० सेंटिस्टोक इतके घट्ट असू शकते. ते शंभराच्या वर तापवल्याशिवाय नोझलमधून धड फवारले जात नाही. तापमान थोडे घसरले की फनेलमधून, म्हणजे जहाजाच्या धुराड्यातून, काळा धूर निघतो आणि जहाज चालवतात त्या ब्रिजवरून लगेच फोन येतो. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातले गंधक ०.५० टक्क्यावर आले. काही किनाऱ्यांजवळ तर २०१५ पासूनच ०.१० टक्के आहे. तिथे बॉयलरला पातळ डिझेल द्यावे लागते. त्यासाठी नोझल, पंप, तेलाचा दाब, सगळे नव्याने तपासावे लागले, आणि डोळासुद्धा, कारण इंधन बदलले की ज्योतीचा उजेड बदलतो. आपण समुद्रावरचे यंत्र घाटावर आणलेत आणि झडपेचा एक स्क्रूही हलवला नाहीत.

माझ्या पहिल्या पत्राला आपण ईमेलने उत्तर दिलेत की डिझेल खराब आहे, आमच्या माणसाने फोटोसेलशी छेडछाड केली आहे, सबब वॉरंटी रद्द. चोराच्या उलट्या बोंबा. फोटोसेल कुणी बांधला त्याचे फोटो तारीख-वेळेसह सोबत जोडले आहेत, त्यात आपल्या कंपनीचा टी-शर्टही स्पष्ट दिसतो. त्या मुलाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही आणि त्याच्यावर कारवाईही मागत नाही. दिवसाला सात ठिकाणी जायचे असते, असे तोच म्हणाला. गाडीत योग्य नोझल नाही, मापन यंत्र नाही, प्रशिक्षणही नाही, तर तो टेपच वापरणार.

माझे म्हणणे असे : धूर मोजण्याच्या यंत्रासह जाणता माणूस पाठवून, दोन्ही टप्प्यांवर, पुण्यातल्या हवेत बर्नर नव्याने लावून द्यावा आणि त्याचे आकडे लेखी द्यावेत. ६० अंशांचे मूळ नोझल बसवावे. वॉरंटी पूर्ववत करावी आणि बिल रद्द करावे. शिवाय तो तंत्रज्ञ त्या महिन्यात आणखी जिथे जिथे गेला, त्या प्रत्येक ठिकाणी आजच फोन करून फोटोसेल जागेवर आहे का हे विचारावे. यासाठी माझ्या उत्तराची वाट पाहू नये.

पंधरा दिवस थांबतो. त्यानंतर बाष्पक निरीक्षक आमच्याकडे तपासणीला येतील तेव्हा फोटो आणि आपला सेवा अहवाल त्यांच्यासमोर ठेवीन. तोपर्यंत बॉयलर बंद आहे, आणि चादरी बाहेरून धुऊन आणतो आहोत. त्याचा खर्च वेगळ्या पत्राने कळवतो.

आपला,
स्टीम लाँड्रीचा चालक,
भोसरी, पुणे

ता. क. : ८० अंशांचे नोझल आणि फोटोसेलला गुंडाळलेली टेप एका पिशवीत जपून ठेवली आहे. आपल्या बिलात टेपचे ४० रुपये वेगळे लावलेले आहेत.