सायटेशनचा आकडा छापताय तर विषयही छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी पावसाळा संपता संपता आपल्याकडे ही बातमी येतेच, अमुक कॉलेजचे तमुक सर जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत, सोबत सत्काराचा फोटो आणि इतके पेपर, इतके सायटेशन, म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या पेपरात त्यांच्या पेपरचा इतक्या वेळा संदर्भ दिला. वाचून आनंदच होतो, पण मी आयुष्यभर गणित शिकवलंय आणि मला दरवेळी एकच गोष्ट खटकते, की सरांनी नेमकं शोधलं काय आणि कुठल्या विषयात, हे त्या बातमीत नसतंच.

ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसवरून काढतात. त्यात २२ क्षेत्रं आणि १७४ उपविषय पाडलेले आहेत, २ टक्के हे त्या त्या उपविषयातले धरतात, शिवाय पूर्ण करिअरची यादी वेगळी आणि एका वर्षाची वेगळी. म्हणजे यादी करणाऱ्यांना विषयाविषयातला फरक पक्का माहीत आहे, तो गळतो बातमी लिहिताना.

आणि फरक थोडाथोडका नाही हो. २००५ मध्ये हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यांनी संशोधकाचं काम एका आकड्यात मोजणारा एच-इंडेक्स काढला, एच ४० म्हणजे तुमच्या ४० पेपरना प्रत्येकी निदान ४० सायटेशन. त्यांच्याच त्या पेपरात फिजिक्समध्ये सगळ्यात वर एडवर्ड विटेन, ११०, आणि जीवशास्त्राकडे सॉलोमन स्नायडर, १९१. आता विटेन स्नायडरच्या निम्म्याहून थोडेच जास्त हुशार असं कोणी म्हणेल का? मेडिकलकडे माणसं जास्त, पेपर जास्त, प्रत्येक पेपरखाली संदर्भांची रांग मोठी, त्यामुळे आकडा फुगतोच. गणितात एक पेपर दोन-तीन वर्षं घेतो आणि तो वाचणारे जगात मोजके. आकडे इतके छोटे की थोड्या लोकांनी ठरवून एकमेकांना साइट केलं तरी माणूस वर जातो, म्हणून तर सायटेशनचा हिशेब ठेवणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३ च्या आपल्या हायली साइटेड, म्हणजे सर्वाधिक संदर्भ मिळालेल्या संशोधकांच्या, यादीतून गणित हा विषयच बाहेर ठेवला.

एकाच विषयात तरी आकडा काय सांगतो? जगात सगळ्यात जास्त साइट झालेला पेपर म्हणजे लाउरी वगैरेंचा १९५१ चा, प्रोटीन किती आहे ते मोजायची पद्धत. तीन लाखांच्या वर सायटेशन, कारण लॅबमध्ये ती पद्धत वापरली की खाली तो पेपर लिहायचाच. आणि डीएनएची रचना सांगणारा १९५३ चा पेपर? २०१४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकाने सर्वाधिक साइट झालेले शंभर पेपर काढले त्यात तो नव्हताच!

फिजिक्सवाले पीटर हिग्ज यांचंही तेच. १९६४ मध्ये त्यांनी ज्या कणाचं भाकीत केलं त्याला आता हिग्ज कण म्हणतात, आणि त्या कामानंतर त्यांचे दहासुद्धा पेपर नाहीत. डिपार्टमेंटकडून विचारणा यायची, अलीकडचे पेपर कळवा, आणि ते कळवायचे, एकही नाही. २०१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. २०१५ मध्ये हिग्ज कणाचं वस्तुमान सांगणारा जो पेपर आला त्यावर ५१५४ जणांची नावं होती, त्याला मिळणारं प्रत्येक सायटेशन त्या सगळ्यांच्या खात्यात जमा.

हे सगळं लिहायला बसले कारण माझ्या एका सहकाऱ्याचं प्रमोशन याच आकड्यावरून अडलेलं मी पाहिलंय. संख्याशास्त्रातले (स्टॅटिस्टिक्स) नाही, नंबर थिअरीतले, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांवरचं, अतिशय चोख काम. टेबलावर त्यांची फाइल आणि शेजारी केमिस्ट्रीच्या उमेदवाराची फाइल, कमिटीतल्या एकांनी दोन्ही आकड्यांवर पेन ठेवला आणि विचारलं, एवढंच? सरांनी समजावून सांगायला सुरुवात केली तोवर पुढचं नाव पुकारलं होतं. घरी जाताना रिक्षात ते एक शब्द बोलले नाहीत.

आमच्या नाशिकजवळ देवळालीला कापरेकर सर शाळेत शिकवायचे. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत, अंक मोठ्याकडून लहान असे मांडा, त्यातून उलटी वजा करा, परत तेच करा, जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतंच, हे त्यांनी शोधलं. वर आलेलं १९५१ च घ्या, ९५११ वजा ११५९ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि पुढे कितीही केलं तरी ६१७४ च. जगभर त्याला कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखतात. सायटेशनच्या रांगेत उभं केलं असतं तर सर कुठे दिसले असते?

तेव्हा संपादक महोदय, विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी यादी आली की रिपोर्टरने त्या सरांना किंवा मॅडमना फोन करून दोन प्रश्न विचारावेत, तुमचा विषय कोणता आणि तुम्ही काय शोधलं, आणि ते उत्तर आकड्याच्या आधी छापावं. यादी करिअरची की एका वर्षाची तेही एका ओळीत येऊ द्या. जागा कमी पडली तर फोटो थोडा लहान केला तरी चालेल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त गणित प्राध्यापिका, नाशिक