पेरणीवर रकाने, तोडणीवर ओळही नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परसबागेवरचे लेख मी आवडीने वाचते. पण एक गोष्ट खटकते. माती कशी तयार करावी, बी किती खोल पेरावे, कुंडी केवढी घ्यावी, यावर रकानेच्या रकाने असतात आणि त्यानंतर एकदम टोपलीभर भाजीचा फोटो! मधले आठवडे गायब. ऐन उन्हाळ्यात वेलांना पहिली फळे धरू लागतात, तेव्हाच नवखा माणूस सर्वांत जास्त गोंधळलेला असतो.

दुधी, भोपळा, काकडी यांचेच घ्या. वेल फुलांनी भरतो आणि फुले एकामागून एक गळून जातात. घरात लगेच निदान होते, खत कमी पडले! वास्तविक या वेलांना बहुधा नरफुले आधी येतात, मादी फुले मागाहून. फूल पाहायचे ते मागच्या बाजूने. पाकळ्यांच्या खाली इवलेसे फळ दिसले तर मादी, नुसता सडपातळ देठ असेल तर नर. नरफुले गळणारच, त्यांचे दुःख करू नये. घाबरून नत्राचे खत वाढवले तर पाने फोफावतात आणि फळे आणखी लांबणीवर पडतात.

मादी फूल आले, पण बोटाएवढे फळ पिवळे पडून गळले, तर बहुतेक वेळा परागीकरण झालेले नसते. इथे वेळेला फार महत्त्व आहे. लाल भोपळ्याची फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात; दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. त्यामुळे दुपारच्या चहानंतर भोपळ्याकडे किंवा सकाळी उन्हात दुधीकडे जाण्यात अर्थ नाही. ताजे नरफूल तोडावे, पाकळ्या काढाव्यात आणि त्यातले पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावेत. मुलांना हे काम भलतेच आवडते, आणि ती मोठ्यांपेक्षा नीट करतात.

टोमॅटोची तऱ्हा वेगळी. हिरवी फळे लगडलेली असतात, पण लाल होता होत नाहीत. मग कोणीतरी सुचवते की पाने काढा, फळांना ऊन लागू द्या. कृपा करून हे करू नये. टोमॅटोचा लाल रंग साधारण २० ते २५ अंश सेल्सिअसला चांगला भरतो. ३० अंशांच्या वर तो रेंगाळतो आणि फळ पिवळट-नारिंगी राहते. म्हणजे अडचण उन्हाच्या कमतरतेची नसून अतिरेकाची असते. उघड्यावर पडलेल्या फळावर उलट पांढुरके भाजल्याचे डाग उठतात. फळाने रंग बदलायला सुरुवात केली की तोडून घरात सावलीला ठेवावे, ते तिथे व्यवस्थित पिकते. बूड काळे पडून खोलगट झालेले दिसले तर औषध फवारायला धावू नये. पाणी कधी भरपूर, कधी मुळीच नाही असे झाले की फळापर्यंत कॅल्शियम नीट पोचत नाही, त्याचा हा परिणाम असतो. पाणी नियमित द्यावे आणि बुडाशी वाळल्या पानांचे आच्छादन करावे.

आणि आता माझा मुख्य आग्रह: तोडा! झाडाला आपल्या जेवणाशी देणेघेणे नसते, त्याला बी पिकवायचे असते. वेलावर एक काकडी जून होऊन पिवळी पडली की नव्या फळांचा जोर ओसरतो. पण पहिल्या फळाचे कौतुक एवढे, की पाहुण्यांना दाखवण्यासाठी ते तसेच वाढू दिले जाते. भेंडीला तर एवढीही सवड नाही. फूल सुकल्यावर ४ ते ६ दिवसांत ती तोडायला येते आणि आणखी थोडे दिवस राहिली तर सुरीला दाद देत नाही. टोक कटकन मोडले तर कोवळी, नुसते वाकले तर उशीर झाला. गवार, चवळी, मिरची यांनाही हाच नियम. दोन दिवस बाहेरगावी जायचे असेल तर शेजाऱ्यांना पाणी घालायला सांगतोच. तोडायलाही सांगावे, आणि तोडलेले त्यांनीच ठेवून घ्यावे.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र लेखांत आवर्जून छापा. दुधी, काकडी, दोडका चिरल्यावर कच्चा कपटा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर लगेच थुंकून टाकावा आणि ते फळ अख्खे फेकून द्यावे. तो कडवटपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही. घरच्या बागेतले आहे म्हणून जीव तुटतो, पण ते पोटात जाऊ नये.

तेव्हा विनंती अशी, की उन्हाळ्याच्या मध्यावर तोडणीवर एखादा रकाना द्यावा, कोणती भाजी किती आकाराची झाली की काढावी एवढे जरी दिले तरी पुरे. आणि अभिमानी मालकाच्या हातातल्या हातभर लांब 'विक्रमी' दुधीचे फोटो तेवढे आवरते घ्या. त्या वेलाने पुढे काय दिले, हे बातमीत कधीच नसते.

आपली,
एक नियमित वाचक