विषय : एसीची गळती न शोधता गॅस भरल्याबद्दल आणि फोनवरून आउटडोअर (एसीचं बाहेरचं युनिट) उघडायला सांगितल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक,
एसी विभाग

नागपूर, 22 मे 2024

महोदय,

आमच्याकडे तुमच्या कंपनीचा दीड टनी स्प्लिट एसी आहे. मार्च 2022 ची खरेदी, इन्व्हर्टर नसलेलं मॉडेल, गॅस आर-32. बिल, जॉबकार्ड आणि फोटो सोबत जोडले आहेत.

आम्ही कूलरवर वाढलेली माणसं. दर मार्चमध्ये टाकी घासणं, ताट्या बदलणं, अडलेला पंप उघडून साफ करणं हे मी लग्नाआधीपासून करत आले आहे. एसी घेतला तो सासूबाईंसाठी. त्यांना दमा आहे, कूलरची ओली हवा सोसत नाही. सांगायचं इतकंच, की ऊठसूट मेकॅनिकला बोलावणाऱ्यांपैकी मी नाही.

एप्रिलच्या शेवटी एसी 24 वर दोन तास चालूनही खोली गार होईना. नातवाने रिमोट फॅन मोडवर टाकला नाही ना, ते आधी पाहिलं. फिल्टर धुवून सावलीत वाळवले. स्टॅबिलायझरवर 224 व्होल्ट होते. आउटडोअरच्या जाळीला कबुतरांची पिसं चिकटली होती, ती गॅलरीतून लांब ब्रशने काढली. फरक पडला नाही. मग दिसलं, की आउटडोअरला जाणाऱ्या दोन तांब्याच्या नळ्यांपैकी बारीक नळीवर बोटभर जाडीचा बर्फ साचलाय, आणि नळी जिथे नटाने जोडली आहे तिथे काळपट, तेलकट धूळ धरली आहे. बाकी सगळीकडची धूळ कोरडी होती.

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. गॅस कमी झाला की नळीतला दाब उतरतो, गॅस शून्याच्या खाली उकळू लागतो आणि हवेतली वाफ नळीवर गोठते. कंप्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरत असतं, म्हणून गळतीच्या जागी तेल दिसतं. इथे माझं काम संपलं होतं. मी एसी बंद केला आणि 28 एप्रिलला तक्रार नोंदवली.

हेल्पलाइनवर बर्फ आणि तेल, दोन्ही सांगितलं. उत्तर आलं, "मॅडम, फिल्टर धुवा आणि 24 तास बंद ठेवून बघा." पहिल्यांदा विचारलं तर बरोबरच आहे, फिल्टर तुंबला तरी आत बर्फ धरतो. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. धुतलेला फिल्टर मी किती वेळा धुवायचा?

3 मे रोजी तंत्रज्ञ आला. तेलकट नट त्याला मी बोटाने दाखवला. त्याने साबणाचं पाणी लावलं नाही. नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते तपासलं नाही. नळ्यांतली हवा काढणारा व्हॅक्युम पंप आणि गॅस मोजायचा वजनकाटा त्याच्याकडे नव्हतेच. दाब मोजणारं गेज लावलं, सिलिंडर उघडला, वीस मिनिटांत काम आटोपलं. मी विचारलं तर म्हणाला, "दर दोन वर्षांनी गॅस भरावाच लागतो मॅडम." का बरं? तो काही गाडीतलं पेट्रोल नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस फिरतो; कमी झाला तर कुठून तरी गेलाय. बिल झालं 2,950 रुपये. किती ग्रॅम भरला, ते जॉबकार्डवर नाही. मुलगा पंचविशीचा असेल, उन्हाने लाल झालेला, त्या दिवसातली ती त्याची सातवी भेट होती. माझा राग त्याच्यावर नाही.

अकरा दिवसांनी, 14 मे रोजी, त्याच नळीवर पुन्हा बर्फ. यावेळी आउटडोअर नुसतं घुमायचं आणि काही सेकंदांत बंद पडायचं. पुन्हा फोन. गॅस भरण्यावर वॉरंटी नसते, नव्या भेटीचे पैसे पडतील, असं ऐकवलं. 17 मे रोजी तुमच्या प्रतिनिधीने व्हिडिओ कॉल केला आणि सांगितलं, "आउटडोअरचं कव्हर काढून कपॅसिटरची वायर जरा हलवून बघा, ढिली असेल."

हे पत्र लिहायचं खरं कारण हे वाक्य आहे. आमचं आउटडोअर तिसऱ्या मजल्यावर, भिंतीबाहेर ब्रॅकेटवर आहे. कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा भाग; मेन स्विच बंद केल्यावरही तो विजेचा भार धरून ठेवतो, हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर काढून दाखवते. शिवाय आर-32 सौम्य ज्वलनशील आहे आणि शेजारीच गळती आहे, हे तुमच्याकडे नोंदवलेलं होतं. मी नाही म्हटलं. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन गॅलरीच्या कठड्यावर चढलं असतं.

म्हणजे माणूस पाठवायला हवा होता तेव्हा मला फिल्टर धुवायला लावलं, आणि ग्राहकाने हातही लावू नये तिथे वायर हलवायला सांगितली.

माझ्या मागण्या अशा. गळती नायट्रोजनने शोधून जोड नीट करावा, मग व्हॅक्युम करून आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरावा, आणि वजन जॉबकार्डवर लिहावं. या भेटीचे व गॅसचे पैसे घेऊ नयेत. आधीचे 2,950 रुपये गळतीसकट दुरुस्तीचेच होते, असं मी धरते. कमी गॅसवर चालून कंप्रेसर तापतो. त्याला इजा झाली असेल तर तो दहा वर्षांच्या वॉरंटीत बदलून द्यावा. आणि ग्राहकाला कव्हर उघडायला सांगणं हेल्पलाइनने बंद केल्याचं मला लेखी कळवावं. बर्फ, तेल, जळका वास किंवा वारंवार पडणारा एमसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच), यातलं काहीही ग्राहकाने सांगितलं तर फिल्टरचं पुराण न लावता एसी बंद ठेवायला सांगून माणूस पाठवावा, एवढं तुमच्या लोकांना शिकवता येईल.

पंधरा दिवसांत काम झालं नाही तर मी 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तीन दिवसांवर आलाय. सासूबाई सध्या नणंदेकडे आहेत. मला सुट्ट्या असल्यामुळे मी दिवसभर घरीच असते, पण तंत्रज्ञाला सकाळी दहाच्या आत पाठवा. त्यानंतर त्या भिंतीवर ऊन येतं आणि ब्रॅकेटला हात लावता येत नाही. सेफ्टी बेल्ट आणि दोन माणसं लागतील.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व तक्रार क्रमांक सोबतच्या जॉबकार्डवर)